सीटखालचा ठेका

प्रिय चंदा,

पाकीट बघून आधी घाबरू नकोस. घरी सगळे धडधाकट आहेत, मी पण आहे. मी फोन उचलत नाही म्हणून तू रागावली आहेस, हे तुझ्या सुनेने, वासंतीने, आमच्या विनायकला सांगितलं. विनायकने मला सांगितलं, दोनदा. दुसऱ्यांदा ओरडून. म्हणून लिहायला बसले. माझी शाळा चौथीपर्यंतची, तेव्हा जिथे अडेल तिथे अंदाजाने वाच.

तर बातमी अशी की माझ्या नातीने, विनायकच्या वृंदाने, गाडी घेतली. कोणती ते विचारू नकोस, पांढरी आहे. जुनीच, पण नीट वापरलेली. पोरगी आठवडाभर मानेसरच्या कारखान्यात दुसऱ्यांच्या गाड्यांचे भाग तपासते आणि रविवारी स्वतःची गाडी उघडून बसते. तिचं म्हणणं, गाडीबरोबर आलेला स्टिरिओ नुसता चिवचिवतो, गाण्याला खालचा भरदार आवाजच नाही. मग करोलबागेतून एक काळी चपटी पेटी घेऊन आली. तिला सबवूफर म्हणतात. मोठे असतात ते सगळी डिकी खातात म्हणे, हा आपला स्वस्तातला, सीटखाली मावणारा. विनायक म्हणाला, चांगल्या गाडीची वरात करते आहेस, मी बिल्कुल बसणार नाही त्यात. तशी त्याला बसवतंय कोण?

मी मात्र मटार घेऊन खाली पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसले. थंडीचं ऊन छान होतं. वृंदाने पुढची सीट सोडवली, खालचा गालिचा उचलला, एक वायर बॅटरीपासून आत ओढली आणि एक सीटच्या बोल्टखाली दाबली. गाणं म्हणे मागच्या स्पीकरच्या वायरींतून चोरायचं, कारण कंपनीच्या स्टिरिओला या पेटीसाठी वेगळी जागा ठेवलेलीच नसते. आमच्या सोसायटीतल्या एक भाभीजी येऊन काहीतरी बोलल्या. मी अंदाजानेच म्हटलं, इंजिनियर है, पर काम भी आता है. त्या हसल्या, म्हणजे उत्तर बरोबर पडलं असावं.

अंदाजानेच म्हटलं, कारण चंदा, मला आता ऐकू येत नाही. थोडंथोडकं नाही, जवळजवळ काहीच नाही. कानात यंत्र घातलं की माणसं डब्यात बसून बोलल्यासारखी वाटतात आणि गाणं म्हणजे मोरीत भांडी पडल्यासारखं. तुझा फोन वाजलेला मला कळतच नाही, आणि कुणी हातात दिला तरी तू काय बोलते आहेस ते कळत नाही. आपल्या मंडळातल्या सुनंदाकडच्या भजनात माझे टाळ चुकले ना, तेव्हा हेच झालं होतं. मी पुढे गेले, बाकीच्या मागे राहिल्या, आणि तू पखवाजावरचे हात थांबवून माझ्याकडे बघितलंस. तू काही रागाने बघितलं नाहीस, पण मी त्यानंतर आलेच नाही. मंडळात सगळ्यांना वाटलं कुमुद रुसली. मला ते बरंच वाटलं. रुसलेल्या बाईला निदान कुणी जवळ येऊन ओरडून समजावत नाही.

हां, तर पेटी. ती सीटखाली सरकवायच्या आधी मी वृंदाला थांबवलं. घरात मिक्सर आला तरी आपण हळदकुंकू लावतो, मग हिने काय घोडं मारलंय? वर जाऊन ताट आणलं, पेटीला हळदकुंकवाची बोटं लावली, अक्षता वाहिल्या. वृंदा कपाळाला हात लावून हसत होती, आजी, तांदूळ आत जातील. तरी माझं मन मोडायचं नाही म्हणून तिने भजन लावलं. आणि चंदा, अक्षता उडायला लागल्या. पाखडताना सुपात उडतात ना, तशा. पण वेड्यावाकड्या नाहीत. उडायच्या, टेकायच्या, पुन्हा उडायच्या, आणि मी बघत बघत मांडीवर हात मारायला लागले, कारण तो आपला भजनी ठेका होता. ऐकू काही येत नव्हतं. दिसत होता.

मग काय, मी हट्टच धरला. अक्षता झाडून पेटी आत गेली, सीट जागेवर बसली आणि सीटवर मी. वृंदाने तेच भजन पहिल्यापासून लावलं. ठेका कमरेतून वर आला. नेताजीनगरच्या क्वार्टरमध्ये तू भिंतीपलीकडे वाजवायचीस आणि माझ्या फळीवरचे पेले थरथरायचे, आणि आमचे हे ऑफिसातून आले की म्हणायचे, तुझ्या मैत्रिणीमुळे चहा पण हलतो. अगदी तसं. मी डोळे मिटून टाळ्या देत राहिले. भजन संपलं हे मला पाठीतला ठेका थांबला तेव्हा कळलं. डोळे उघडले तर वृंदा माझ्या तोंडासमोर वाकून, एकेक शब्द ओठांनी सुटा करून म्हणत होती, "आजी, तू एकदाही चुकली नाहीस."

मटार राहिले तसेच. त्यानंतर आम्ही द्वारकेचे दोन-तीन सेक्टर फिरून आलो, आणि जो गाडीत बिल्कुल बसणार नव्हता तो विनायकही मागे होता.

आता ज्यासाठी लिहिलं ते. येत्या एकादशीचं भजन फरीदाबादला तुझ्याकडे आहे. वृंदा मला आणून सोडते म्हणाली आहे. मला टाळ घेऊन बसायचंय, मागे प्रसादाच्या ताटांपाशी नाही. तुझ्या डाव्या हाताला बसव, माझा गुडघा पखवाजाला टेकेल इतकं जवळ. पखवाजाचा आवाज खोल यावा म्हणून डाव्या पुडीला लावायची कणीक मीच मळून आणते, तुझी नेहमी सैल होते. पहिल्या अभंगाला माझं चुकेल, दुसऱ्यालाही चुकेल, तेव्हा माझ्याकडे बघू नकोस, वाजवत राहा. तिसऱ्यालाही नाही जमलं तर मी आपणहून टाळ खाली ठेवीन. नाही म्हणायचं असेल तर पत्र लिही. हो म्हणायचं असेल तर काहीच कळवू नकोस, मी निघालेच आहे असं समज.

तुझीच,
कुमुद