दोन दिवसांचा पगार आणि खाप्याची पावती

मी, यमुना श्रीधर शिर्के, वय ८४ वर्षे, निवृत्त कर-वसुली लिपिक, राहणार नंदनवन, नागपूर, हे इच्छापत्र पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझा धाकटा मुलगा जितेंद्र तो मागणारच. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. नंदनवनातील राहते घर माझ्या पगारातून उभे राहिले आहे. त्यात वडिलोपार्जित एक वीटही नाही. ते मी कु. प्रेमिला रुपराव जाचक, निवृत्त शिक्षिका, मूळ राहणार खापा, हिला पूर्ण मालकीहक्काने देत आहे. माझ्यामागे तिला या घरातून कोणी बाहेर काढू नये, एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे. ती माझी कोण, हे पुढे सांगते.

२. माझा थोरला मुलगा सुमंत फौजेत जवान होता. १९८७ साली त्याची पलटण समुद्र ओलांडून श्रीलंकेत गेली. लवकरच परत येऊ, असे त्याने पत्रात लिहिले होते. फौज तिथे अडीच वर्षांच्या वर राहिली. तेव्हा मी सरकारच्या कर-वसुलीत होते आणि इतवारीतले व्यापारी मला टरकून असत. धान्याचे व्यापारी गणपतराव यांनी एकदा विचारले, "ताई, थे सरकार आमच्या पैशानं तिकडं काय घेऊन राहिलं, सांगा मले." मी भर दुकानात ओरडले, "माझं पोरगं तिकडं उभं हाय, अन् तुमी इथं पोते लपवून राहिले?" त्यांनी त्याच आठवड्यात दंडासह कर भरला. पुढे ही युक्ती मी बऱ्याच दुकानांत वापरली. मुलाचे नाव घेतले की लोक मान खाली घालून पैसे काढत.

३. आमच्या कचेरीत ३१ मार्चला वसुलीचे उद्दिष्ट पुरे झाले की संत्रा बर्फी वाटायची रीत होती. वर्गणी माझ्याकडे असे. १९८८ च्या ३१ मार्चला मी टेबलाटेबलावर डबा फिरवत असताना आमचे यजमान तार घेऊन आत आले. सुमंत २९ तारखेला गेला होता. डब्यात चार बर्फ्या उरल्या होत्या. त्या कोणाकोणाच्या, ती नावे मी झाकणावर लिहिली आणि मग घरी गेले. याची मला आजही लाज वाटते. देह आलाच नाही, अस्थींची कळशी आली.

४. जूनमध्ये एक सरकारी पत्र आले. सुमंतचा मार्चचा पगार पूर्ण जमा झाला असून ३० व ३१ या दोन दिवसांचे त्रेसष्ट रुपये चाळीस पैसे परत करावेत, असे त्यात होते. मी त्याच दिवशी भरले. त्या युद्धावर किती कोटी गेले, ते मी पुढे अनेक वर्षे वर्तमानपत्रांत शोधत राहिले. दर वेळी आकडा वेगळा. फौज परत आली, पण तिकडून काय मिळवले ते सांगायला माझ्या दारी कोणी आले नाही. तेवढे दोन दिवस मात्र कोणी विसरले नाही. गणपतराव, तुम्हाला उत्तर द्यायचे राहिले होते. काही घेतले नाही हो. आपण सगळ्यांनी पैसे भरले आणि माझे पोरगे दिले. त्या दिवशीच्या ओरडण्याबद्दल मी माफी मागते.

५. त्याच जून महिन्यात मी आणखी एक वसुली केली. सुमंतचा साखरपुडा प्रेमिलाशी झाला होता. ती तेव्हा बावीस वर्षांची होती. मी यादी घेऊन खाप्याला गेले आणि तिच्या वडिलांच्या ओसरीवर बसून अंगठी, दोन पाटल्या व शालू परत घेतला. मुलगी पांढऱ्या पायाची निघाली, असेही बोलले. वर 'चि. सुमंत व कु. प्रेमिला यांच्या साखरपुड्यातील वस्तू' अशी रीतसर पावती लिहून तिच्या हातात दिली. रुपरावांनी मला पाणी दिले. सरकारने माझ्याशी जे केले तेच मी त्या पोरीशी केले, आणि वर तिला नावेही ठेवली.

६. अंगठी व पाटल्या कपाटात तशाच आहेत, त्या प्रेमिलाच्या. शालू मी जितेंद्रच्या लग्नात सूनबाई हिमानीला नेसवला. तो कोणी परत मागू नये. मागायचे काम मी एकदा केले, पुरे झाले.

७. जितेंद्रला पोस्टातील सर्व ठेवी. तो राजकारणात आहे, दर पंधरा ऑगस्टला चौकात फ्लेक्स लावतो. त्यावर सुमंतचा फोटो विड्याच्या पानाएवढा आणि त्याचा स्वतःचा परातीएवढा असतो. माझ्या नावाने फ्लेक्स लावल्यास ठेवींवरचा त्याचा हक्क जाईल व त्या प्रेमिलाला मिळतील. सुमंतचे नाव घेऊन लोकांना मान खाली घालायला लावणे मी ओळखते. ते मीच सुरू केले.

८. गेल्या पावसाळ्यात माझे खुब्याचे हाड मोडले. जितेंद्रला प्रचारातून सवड नव्हती. प्रेमिला कोणाकडून तरी ऐकून खाप्याहून बसने आली आणि राहिली. तिने लग्न केले नाही. का, हे मी विचारलेले नाही. दिवाळीत जितेंद्र तिला म्हणाला, "तू कोन लागतं वं आमची? काहून राहून राहिली इथं? कागद हाय का काही?" ती आत गेली आणि ट्रंकेतून माझी ती पावती घेऊन आली. सदतीस वर्षे जपलेली. जितेंद्र हसला. मी विचारले, "हे काहून ठेवलं वं बाई?" ती म्हणाली, "काकू, आमचं दोघायचं नाव एका कागदावर हाय, असा हा एकच कागद हाय माझ्यापाशी."

९. त्या पावतीवर माझ्या अक्षरात शेवटची ओळ अशी आहे: 'सर्व वस्तू मिळाल्या, आता उभयपक्षी काही येणे-देणे राहिले नाही.' ती ओळ मी आज लाल शाईने खोडून बाजूला सही केली आहे. पावती या इच्छापत्राचा भाग समजावी. जितेंद्रने विचारलेला कागद तो हाच.

लिहून देणार: यमुना श्रीधर शिर्के

समक्ष साक्षीदार:
१. गणपतराव, धान्य व्यापारी, इतवारी (वय ८२, सही वाकडी आली आहे, पण ती त्यांचीच आहे)
२. डॉ. काजल, नंदनवन

ठिकाण: नागपूर
दिनांक: ३१ डिसेंबर २०२५