मुठीचं मडकं

२८ डिसेंबर १९३६

...त्या सकाळी सगळं नेहमीसारखंच. अंगण झाडलं, आडावरून दोन घागरी आणल्या, दळायला दादर ज्वारी निवडली. जात्यावर बसण्याआधी देवाची मूठ मडक्यात टाकायला वेगळी काढली. ती हातात असतानाच ह्यांना हाक मारली, पाणी तापवू का म्हणून. दोनदा. तिसऱ्यांदा आत गेले. बाजेवर तसेच होते, अंग गार पडलेलं.

मूठ परत सुपात टाकली. तो आषाढ. त्यानंतर एकदाही काढली नाही. मडक्यात आधीची होती, तीही आठवड्याने कोंबड्यांपुढे ओतली. रागानेच.

काल चर्चच्या उपासनेत पाळकसाहेबांनी आठवण करून दिली. नव्या वर्षाच्या दिवशी प्रत्येक घराने वर्षभराच्या मुठीचं मडकं आणायचं, सगळ्यांसमोर चादरीवर ओतायचं, ओतताना देवाचा एक उपकार सांगायचा. मग त्यातलंच शिजवून प्रीतिभोजन. दरसाल हेच. यंदा माझं मडकं रिकामं.

२९ डिसेंबर

बायकांचा वाचनवर्ग. मी कुठे शाळेत गेले? ह्यांच्या शुभवर्तमानाच्या पुस्तकावर बोट ठेवून ठेवून शिकले, म्हणून वर्ग माझ्याकडे.

शेजारची रूपाबाई सगळ्यांदेखत, "तुन्हं मडकं पहिलं शे बरं का! तू तं आम्हनी मास्तरीन!" सगळ्या हसल्या. मीही हसले.

बायजी मान खाली घालून अक्षरं गिरवत होती. डोंगरपायथ्याच्या पाड्यावरून चालत येते. श्रावणात विचारलं होतं तिने, "बाई, घरात दाणा नाही. मूठ राहू देऊ का?" मी म्हणाले होते, थोडी काढ, पण काढ. माझं मडकं तेव्हा पालथं होतं.

हे कोणाला सांगू?

३० डिसेंबर

मडकं भरलं. कणगीतली नवी बाजरी, गळ्यापर्यंत. वर फडकं बांधलं. प्रार्थनेला बसले. अर्ध्यातून उठले. भांडी घासली.

३१ डिसेंबर

चाळणी आणायला रूपाबाईकडे गेले. ती आपलं मडकं उन्हात ओतून किडे बघत होती. वरची बाजरी आधी पडली, मग तळाची दादर, उन्हाळ्यापावसाळ्याची. मी बघतच राहिले. दिवाळीआधी बाजरी कोणाच्या घरात होती? आणि माझ्या मडक्यात तळापासून बाजरी.

"काय वं, तोंड का उतरनं?"

"ऊन लागलं."

डिसेंबरात!

घरी दादरीचा दाणा नाही. शहाद्याचा बाजार होऊन गेला. पाळकसाहेबांना सांगून टाकावं म्हणून गेले, अंगणातून परत आले. उद्या ताप आला म्हणून पडून राहिले तर?

१ जानेवारी १९३७

गेले.

पहिलं मडकं माझं. ओतत राहिले. बाजरी, बाजरी, शेवटीही बाजरीच. बायका पुढे वाकून बघू लागल्या. शेतात राबणाऱ्या बाया, त्यांना काय सांगावं लागतं? मागून कोणी म्हणालं, "दादर कोठे शे?"

आता उपकार सांगायचा. तोंडातून निघालं, "आषाढापासून मूठ काढली नाही. ही परवा भरली. मला उपकार मानता येत नाहीत." खाली बसले.

पाळकसाहेबांनी चादरीवरची बाजरी हाताने एका बाजूला सारली. मग म्हणाले, "पुढचं मडकं."

रूपाबाई सरकून जवळ आली. "येडी शे तू. माले सांगती तं दादर देती ना!" मला हसू आलं आणि रडूही.

बायजीचं मडकं शेवटी. लहानसं. थोडी बाजरी, मग थोडी भगर, तळाला दादर. एकही महिना चुकवला नव्हता. ती एवढंच बोलली, "बाईने सांगितलं, म्हणून काढली." माझ्याकडे पाहिलं नाही.

पंगत बसली. पत्रावळी मांडल्या. बायजी उठली, पोरांना घेऊन निघून गेली. कोणी हाक मारली, ती थांबली नाही. मी समोर वाढलेलं सगळं खाल्लं. टाकायचं कसं, तिचंही त्यात होतं.

२ जानेवारी

सकाळी पाड्यावर चालत गेले. बायजीचं दार लावलेलं. शेजारीण म्हणाली, लाकडाला गेली, उन्हं उतरल्यावर येईल. तिच्या दारापाशी बसून राहिले.