व्हेंटमधला श्वास

१४ जानेवारी
आज शिंकले आणि लघवी गळली! भर किचनमध्ये, सासूबाईंसमोर. इला झाल्यापासून हे असंच चाललंय. त्यांनी पाहिलं आणि तोंड फिरवलं. आयुष्यभर डॉक्टरकी केली — एक शब्द तरी!

१६ जानेवारी
फिजिओथेरपिस्टकडे गेले. बाळंतपणात ओटीपोटाखालचे स्नायू सैल पडलेत म्हणाली. लघवी रोखतो तसं श्वास सोडताना आत ओढायचं, वर उचलायचं, मग पूर्ण सैल सोडायचं. तिच्या सूचना फोनवर रेकॉर्ड करून आणल्यात. "लिफ्ट... अँड लेट गो."
करून बघितलं. काहीच जाणवत नाही. तो भाग माझा नाहीच जणू.

२१ जानेवारी
सकाळी देवांग ऑफिसला गेला, सासूबाई क्लबहाउसमध्ये चालायला. इला झोपली होती. बेडरूममध्ये मॅट टाकून आडवी झाले. फोन स्पीकरवर, कानाशी हीटिंगचं व्हेंट, म्हणजे खाली बेसमेंटमधल्या फर्नेसकडून गरम हवा आणणाऱ्या पाइपची जाळी.
"लिफ्ट." मी श्वास सोडला. व्हेंटमधूनही कुणीतरी सोडला.
हीटर बंद होता.

२२ जानेवारी
देवांगला सांगितलं. तो म्हणाला, "इट्स जस्ट द फर्नेस, यार. तू झोपत नाहीस ना नीट."

२४ जानेवारी
आज मुद्दाम रेकॉर्डिंग मध्येच बंद केलं. खालचा श्वासही थांबला. मी हलले नाही — ते पण वाट बघत होतं.
मग खालून, अगदी हळू: "लेट गो..."
इलाला उचललं आणि बाथरूममध्ये आतून लॉक लावून बसले. सासूबाई घरी येईपर्यंत.

२७ जानेवारी
बाळंतपणानंतरचं चेकअप. नर्सने विचारलं, "कुणी नसताना आवाज ऐकू येतात का?"
"नाही," म्हटलं. देवांग माझ्याकडे बघत राहिला.

२८ जानेवारी
जेवताना देवांगने विचारलंच. "आई, हिला आवाज येतात. इलाला हिच्याजवळ एकटं ठेवणं सेफ आहे?"
सासूबाई भात कालवत राहिल्या. कालवतच राहिल्या. मग म्हणाल्या, "बघू."
इलाचा पाळणा त्यांच्या खोलीत गेला! देवांग आता घरून काम करतो. माझ्यावर लक्ष ठेवायला.

३० जानेवारी
घराच्या बाजूने बर्फात पावलं उमटलीत. बेसमेंटच्या मागच्या दारापर्यंत गेलेली आणि परत फिरलेली.
म्हणजे कुणीतरी आहे! पण सांगू कुणाला? मीच वेडी.

३१ जानेवारी
सासूबाई चालायला गेल्या. इला देवांगजवळ. फोन व्हेंटपाशी चालू ठेवला आणि अनवाणी खाली उतरले.
बेसमेंटमध्ये अंधुक उजेड. जुन्या कार्पेटवर कुणीतरी उताणं पडलेलं. गुडघे वर, कोटाची घडी डोक्याखाली. वरून "लिफ्ट" ऐकू आलं. खालचं पोट आत गेलं.
"लेट गो," ती बाई पुटपुटली.
सासूबाई!
त्यांना पटकन उठताही येईना. "देवांग झाला तेव्हापासून गळतंय," म्हणाल्या. "बाळंतिणींना भूल देण्यात जन्म गेला माझा, यामिनी. स्वतःचं कुणाला सांगायला जीभ रेटली नाही. तुझ्या फोनवर ऐकलं, म्हटलं चालायच्या नावाखाली इथे व्हेंटखाली येऊन आपणही करून बघू."
"आणि मी? मला सगळे वेडी ठरवत होते, आई! तुम्ही भात कालवत होतात!"
रडल्या. "आज सांगते देवांगला," म्हणाल्या.

१ फेब्रुवारी
सासूबाईंनी सांगितलं. "तो आवाज माझा होता," एवढंच.
"खाली काय करत होतीस?" देवांगने विचारलं.
त्यांचे ओठ हलले. शब्द आला नाही. मीच सांगून टाकलं सगळं.
देवांगने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "आई, डोन्ट कव्हर फॉर हर. हिला पाठीशी घालू नकोस." मग इलाला घेऊन डॉक्टरला फोन लावायला आत गेला. दार लावून घेतलं.