ताईची साखरचोरी

४ जानेवारी

चि. मेव्हणीबाईंस,
अ. उ. आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की, तुमची ताई घरात साखर चोरून खाते आहे. धक्का बसेल, पण बसू द्या. गेल्या वर्षी तिला मधुमेह निघाला. तेव्हापासून डॉक्टर गोळ्या वाढवत आहेत आणि रक्तातली साखरही वाढतेच आहे. मी कारखान्याच्या गोदामात उभा जन्म काढला. आवक झाल्याशिवाय माल वाढत नाही, हे मला कुणी शिकवायला नको. डॉक्टरांनाही मी तेच सांगितलं. घड्याळाकडे बघत ते म्हणाले की पथ्य पाळलं जात नसणार. म्हणजे वरिष्ठांची मंजुरी मिळाली.

सबब साखर, जॅम आणि बिस्किटं कपाटात ठेवून कुलूप घातलं आहे. किल्ली माझ्या कमरेला असते. कपाटापुढे पावडर पसरून ठेवली होती. दुपारी तिच्यावर पावलं सापडली. मापं घेतली तर ती माझीच निघाली. पावडर नीट पडली आहे का ते बघायला मी गेलो होतो. तपास चालू आहे. तुम्ही सख्खी बहीण, तुमच्यापाशी ती कबूल होईल. जरा गोडीगुलाबीनं विचारा.

कळावे. आमच्यावरचा लोभ मात्र कुलपात ठेवू नये.

तुमचे भावोजी

१५ जानेवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या भावोजींचं पत्र मिळालं असेलच. टपालात टाकायला मलाच दिलं होतं, विश्वास बघ केवढा.

धाकटे, मी साखर खात नाही गं. चहासुद्धा बिनसाखरेचा पिते, तर पिऊन झाल्यावर हे कप हुंगून बघतात. शेजारीण आली की तिच्या पिशवीवर नजर. सुरुवातीला मला हसू यायचं, आता येत नाही. पोटभर जेवायची लाज वाटते म्हणून अर्धपोटी उठते, तरी रिपोर्ट वाईटच. कपडे सगळे ढगळ झालेत, तहान भागत नाही, जिना चढताना मधेच बसावं लागतं. शेजारीण म्हणते, काय सुरेख बारीक झालात, आम्हालाही युक्ती सांगा.

खरं सांगू? परवा मीच माझ्या उशीखाली बिस्किटाचा चुरा आहे का ते चाचपून बघितलं. झोपेत खात असेन का, असं वाटायला लागलंय. डॉक्टर म्हणतात, नवरा म्हणतो, मग असेनही चोर. मला भीती वाटते गं. अशीच झिजत गेले तर एक दिवस संपून जाईन, आणि लोक म्हणतील, जिभेनं खाल्लं हिला.

तब्येतीला जप. तुझी माया आहे तेवढी पुरे, काळजी वाढवू नकोस.

तुझी ताई

२२ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आधी पोटभर जेव, मग हे वाच. तू चोर नाहीस आणि झोपेतही खात नाहीस. मी नर्स आहे त्या दवाखान्यात तुझ्यासारख्या बायका पाहिल्यात. तुला आधीपासून थायरॉइडचा त्रास आहे, तो कशानं? अंगाचं रक्षण करणारी फौजच त्या ग्रंथीवर उलटली म्हणून. असं झालेल्या काही जणांत ती फौज पुढे स्वादुपिंडावरही चाल करून जाते आणि इन्सुलिनचा कारखाना हळूहळू बंद पाडते. मग खाल्लेलं अंगी लागत नाही, साखर रक्तातच पडून राहते आणि माणूस वाळत जातो. तिथे गोळ्या बिचाऱ्या काय करणार?

त्या फौजेच्या खुणा, म्हणजे अँटिबॉडी, रक्तात तपासता येतात. थायरॉइड आहे, वजन उतरतंय, गोळ्या लागू पडत नाहीत, एवढं दिसत असताना ही तपासणी कधीच व्हायला हवी होती. आमच्या डॉक्टरीणबाईंनी तुला लगेच बोलावलंय. भावोजी सरळ सांगून ऐकणार नाहीत, म्हणून त्यांना वेगळं पत्र टाकते आहे. त्यात तुझ्याबद्दल काही भलतंसलतं वाचलंस तर मनावर घेऊ नकोस.

लोभ ठेव आणि रागाव हवं तर, पण ये.

तुझी धाकटी

२२ जानेवारी

ती. भावोजींना,
सा. न. वि. वि.

तुमचा संशय रास्त आहे, चोरी होते आहे. पण चोर मुरलेला दिसतो, पावडरीला दाद देणार नाही. आमच्याकडे रक्ताची एक तपासणी आहे, तिच्यात तो नावानिशी सापडतो. ताईला घेऊन ताबडतोब या. उशीर केलात तर वाचवण्यासारखा माल शिल्लक राहणार नाही.

तुमच्या तपासाला यश चिंतणारी,
मेव्हणी

१० फेब्रुवारी

चि. मेव्हणीबाईंस,
अ. उ. आशीर्वाद.

रिपोर्ट आला, चोर सापडला. कुंपणच शेत खात होतं. डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून सांगितलं की गोदामात माल साचतो तो दरवेळी आवक वाढली म्हणून नव्हे. कधी माल उचलणारे हमालच नसतात. दारात ढीग आणि घरात उपासमार. आमच्याकडे हमालांचा संप झाला होता तेव्हा हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं, पण बायकोच्या बाबतीत सुचलं नाही. थोडे हमाल अजून टिकून आहेत, वेळेत आलात, असं त्या म्हणाल्या. इन्सुलिनची इंजेक्शनं सुरू झाली आहेत आणि तुमची ताई पुन्हा जेवू लागली आहे. तिची माफी मागावी ही तुमची दवाखान्यात केलेली सूचना विचाराधीन आहे.

आता नवा हुकूम असा की इन्सुलिननं रक्तातली साखर एकदम उतरली तर लगेच साखर खायची, सबब ती तिच्या हाताशी ठेवा. साखर उघड्यावर ठेवणं माझ्या तत्त्वात बसत नाही. कुलूप कायम आहे. तिनं मागणी केली की त्वरित पुरवठा करीन. मी घरातच तर असतो.

कळावे. तुमचा लोभ आवक-जावक न बघता चालू राहावा.

तुमचे भावोजी

१ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

परवा हे केस कापायला गेले, किल्लीसकट. मी इन्सुलिन घेतलं, जेवायला बसणार तोच इस्त्रीवाला आला, मग शेजारीण, आणि बोलण्याबोलण्यात ताट राहिलं. ती गेली आणि माझे हातपाय थरथरायला लागले, दरदरून घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली. कशीबशी कपाटापाशी गेले तर कुलूप. यांना फोन लावला तर तो खुर्चीवरच वाजायला लागला. ओरडायला आवाज फुटेना. धाकटे, तेव्हा मला भीतीपेक्षा रागच जास्त आला. एवढे दिवस चोर म्हणून घेतलं आणि मरायचंही कुलपापुढेच? हातोडी काढली. कुलूप काही तुटलं नाही, कपाटाची कडीच उपटून आली. मुठीनं साखर खाल्ली, अर्धी अंगावर सांडली.

हे परत आले तेव्हा मी फरशीवर बसलेली, तोंडाला साखर, हातात हातोडी. इतक्या पहाऱ्यानंतर चोर रंगेहाथ सापडला. पण हे माझ्याशेजारी खाली बसले, माझा घाम पुसला आणि लहान मुलासारखे रडले. तू गेली असतीस, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. मीही रडून घेतलं. मग त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. कडी नसलेल्या कपाटाची किल्ली घेऊन मी काय करू, असं विचारलं तर म्हणाले, माफी समज. आता घरातल्या प्रत्येक खोलीत साखरेची डबी आहे. मुंग्यांची चंगळ आहे आणि माझी तब्येत सुधारते आहे. शेजारीण मात्र हळहळली, पुन्हा भरलात हो म्हणाली.

आता तुझं. आपल्या घरात थायरॉइड काही मला एकटीला नाही. तीच गोळी तूही रोज सकाळी घेतेस. माझ्या रक्ताबद्दल पानभर लिहिलंस, स्वतःच्या तपासणीचा एक शब्द नाही. रोज त्या दवाखान्यात वावरतेस, उद्या गेलीस की आधी हात पुढे कर. मला चोर ठरल्यावर कळलं. तुला आधी कळू दे.

पुढचे आशीर्वाद तुझा रिपोर्ट आल्यावर.

तुझी ताई