इंजिनचं पाणी

प्रिय उत्पला,

सप्रेम जय भीम. फोनवर आपण बोलतोच आणि तरी हे पाकीट, म्हणजे उघडायच्या आधीच तू घाबरली असशील. घाबरू नकोस. आबा आता बरे आहेत, मीही बरी आहे. पत्र कशासाठी ते सांगते, पण जरा माझ्या चालीने सांगू दे. रेणापूरच्या ऑफिसात दिवसभर ‘उपरोक्त विषयान्वये’ लिहून हात कोरडा पडलाय. तुला लिहिताना तरी मोकळं लिहावंसं वाटतं.

भिशीचे चाळीस हजार हातात आले आहेत आणि त्यातून तुझा कॉम्प्युटरच यायचा, हे ठरलेलं आहे. यंदा नको, त्यात पाण्याची मोठी टाकी घे, असं तू म्हणतेस. अगं, टाकी घेऊन तिच्यात भरू काय? टँकर आठ-दहा दिवसांनी येतो, तोही रिकामा होत होत आपल्या गल्लीपर्यंत पोचतो. लातूरला पाण्याची रेल्वे आली म्हणून सगळं गाव बघायला गेलं, पण आपल्या रांगेत फरक पडायला अजून वेळ आहे. परवा रांगेतच शेजारच्या भामाबाईंनी विचारलं, कॉम्प्युटर अभ्यासाला असंल ना? मी म्हटलं, नाही, खेळायला. त्या हंडा खाली ठेवून माझ्याकडे बघतच राहिल्या. पोरगी इंजिनीअर होऊन राहिली अन् खेळायला कशापायी, म्हणाल्या. मला अभ्यासाचं नाव पुढं करता आलं असतं, पण नाही केलं. लहानपणी तू कोपऱ्यावरच्या दुकानात व्हिडिओ गेमपाशी उभी राहून दुसऱ्यांचा खेळ बघायचीस. ओढणी दातात धरून, डोळे न हलवता. पाळी कधी मागितली नाहीस, कारण पाळीला पैसे पडायचे हे तुला कुणी न सांगता कळलं होतं. माझ्या मनातून ती उभी पोर जात नाही. आता तिची पाळी आली आहे, एवढंच.

तर मागच्या महिन्यात आबांना घेऊन मी गंजगोलाईजवळ रामकिशनच्या दुकानात गेले होते. तू सांगितलेलं सगळं कागदावर नेलं होतं आणि तरी निम्मं मला वाचता येत नव्हतं. रामकिशन भला माणूस. आपल्या पैशांत बसणारे दोन कॉम्प्युटर त्याने दाखवले. एकाची पेटी अगदी साधी, पण त्यातलं ग्राफिक्स कार्ड नवं, तुला हवं तेच. दुसरा कुणीतरी सांगून बनवून घेतलेला आणि मग न नेलेला. दिसायला झकास, आत निळे दिवे, पण कार्ड जुनं. आबांना कळावं म्हणून रामकिशनने सोपं करून सांगितलं, की बाबा, ही यंत्रं खेळताना लई तापतात; हा पंख्यावर थंड होतो अन् हा पाण्यावर. आबा इतका वेळ खुर्चीत पेंगत होते, ते एकदम सरळ बसले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, “पोरीला पाण्यावरचाच घे. पाण्याचं मी बघतो.” मी हसून हो म्हटलं आणि विसरून गेले. विसरायला नको होतं, कारण तुझे हे आजोबा एसटीचे ड्रायव्हर होते.

तू त्यांना गाडी चालवताना पाहिलं नाहीस. किनवटची गाडी त्यांच्याकडे होती तेव्हा सीटमागे पाण्याचा पत्र्याचा डबा बांधलेला असायचा, रेडिएटरसाठी. त्या डब्यातलं पाणी ते स्वतः कितीही तहानले तरी प्यायचे नाहीत. इंजिन तापून बसलं तर पन्नास माणसं उन्हात बसतात, असं त्यांचं म्हणणं. आयुष्यात एकदाच त्यांनी तो नियम मोडला. लातूर जिल्हा झाल्यावरचा पहिलाच उन्हाळा होता. भोकरच्या पुढे एका बाईच्या मांडीवरची पोर पाणी पाणी करत होती आणि गाडीत कुणाच्याच बाटलीत थेंब नव्हता. आबांनी गाडी थांबवून डबा सोडला. पोर प्याली, मग बाकीचेही प्याले, आणि पुढे चढावर गाडी बसली ती बसलीच. डेपोतून मेमो मिळाला. हे ते आजही सांगतात, आणि मेमो मिळाल्याचं सांगताना छाती पुढे काढतात.

आता मुद्द्यावर येते. फोनवर तुला बोलले नाही, पण गेल्या आठवड्यात आबांना टँकरच्या रांगेत चक्कर आली. डॉक्टर म्हणाले, काही नाही, पाणी कमी पडतंय अंगात. मला समजेना. त्यांचा तांब्या मी रोज भरून ठेवते आणि रोज तो रिकामा असतो. घरी आल्यावर चादर बदलताना खाटेखाली हात गेला, तर ओल्या पोत्याखाली बाटल्या. ओळीने उभ्या, बुचं घट्ट, वरून जुन्या खाकी शर्टाचं फडकं, तेही ओलं. मी एक उचलली तर आबा झोपल्या जागेवरून म्हणाले, “हात लावू नगंस. इंजिनचं पाणी हाय ते.”

उत्पला, मी मोरीत जाऊन बसले थोडा वेळ.

मग रामकिशनकडे गेले. तो म्हणाला, वहिनी, ते पाणी कारखान्यातूनच भरून, बंद करून येतं. वरून घालायला जागाच नसते. तसं मी आबांना सांगितलं. ते म्हणाले, रेडिएटर बी बंदच असतंय, तरी पाणी उडतंयच की. रागावून पाहिलं, तर आपल्या वाटणीचं पाणी लपवण्यात ते जास्तच हुशार झाले. आता मी एवढंच करते, की ते बाहेर बसले की बाटल्यांतलं जुनं पाणी भांड्यांना काढते आणि ताजं भरून ठेवते.

म्हणून हे पत्र. फोन आला की आबा तो स्पीकरवर टाकून मांडीवर घेऊन बसतात, हे तुला माहीत आहे. त्यांच्यासमोर यातलं काही बोलता येत नाही, ऑफिसात चार माणसांतही नाही. कॉम्प्युटर कुठला घ्यायचा, तर पंख्याचाच. त्यातलं कार्ड तुला हवं ते आहे. पाण्यावरचा घरी आला तर हा माणूस अख्खा उन्हाळा त्याची तहान राखत बसेल. पण पंख्याचा आणलेला बघून त्यांना आपलं साठवणं वाया गेलंसं वाटायला नको. म्हणून शनिवारी नांदेडहून येशील तेव्हा आधी दुकानात जाऊ नकोस, सरळ घरी ये. चप्पल काढायच्या आधी आबांकडे पाणी माग. माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे. तांब्यात नसेल, ते इकडे तिकडे बघतील, मग खाटेखाली वाकतील. वाकू दे त्यांना, मदत करू नकोस. पोटभर पी, मग त्यांना समोर बसवून त्यांनाही पाज. एवढ्यावर बाटल्या संपायच्या नाहीत. प्रवासाची धूळ आहे म्हण आणि उरलेल्या पाण्याने केस धू. एकही भरलेली राहायला नको. मग संध्याकाळी आपण तिघं रामकिशनकडे जाऊ. आबांनी गल्लीभर सांगून ठेवलंय, तेव्हा कुणी विचारलं, पाण्यावरचा का नाही घेतला, तर आबाच सांगतील, की इंजिनचं पाणी पोरीला पाजलं.

वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच,
आई