पालथी पाटी

बडोदे, ता. २ मार्च १९६५

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

मी आणि अन्वर काल सुखरूप पोचलो. पेटीही पोचली. अन्वरने गाडीत ती मांडीवरून खाली ठेवली नाही. घडवली त्याने, जीव त्याचाच. नंदुरबारला त्याचे वडील जब्बारचाचा डबा घेऊन आले होते. चाचा कुलपं दुरुस्त करणारे. पेटी उघडून म्हणाले, आत एवढ्या तारा, आणि करते काय, तर नुसते सवाल.

प्रबंधाचे आमचे सर खूश आहेत. परदेशात यंत्राला बुद्धी देण्याचे प्रयोग चालले आहेत, आपल्याकडचा हा त्यातलाच एक इवलासा. मूल बटण दाबतं. बरोबर आलं तर पेटी पुढचं अवघड कार्ड दाखवते, चुकलं तर आपण होऊन मागच्या सोप्या कार्डावर नेते, आणि सगळं कागदी फितीवर टोचून ठेवते. तुझ्या चौथीच्या अकरा मुलांत खात्या पहिला आला, एकही चूक नाही. मोती शेवटची. आश्रमशाळेत तुझ्या शाळेला एकच जागा आहे म्हणून समाजकल्याण कार्यालयाच्या साहेबांनी आमचा निकाल मागितला होता. तो काल टपालात टाकला. खात्याचं भलं झालं याचा आनंद वाटतो.

आईच्या गुडघ्याला तेल लावत जा. थोरल्या बहिणीने धाकट्याला विसरू नये.

तुझा,
शांतीलाल

*

म्हसावद, ता. १० मार्च १९६५

चि. शांतीलालास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. आईला वाचून दाखवलं. बटण दाबलं की पेटी फितीवर कसं भोक टोचते हे तिनं पाहिलंच होतं. म्हणाली, मन्हा शांतीलालनी पेटी शे का कोंबडी शे, दाना दिसना का टोच मारस. तिचा राग मानू नकोस, पाड्यावरच्या शेजारणींना ती हेच कौतुकानं सांगते.

पण मोती शेवटची, हे मला गिळवत नाही. ती मुलगी तिसरीत असताना चौथीचं पुस्तक संपवून बसली होती. मी आजारी पडले तेव्हा आठ दिवस पहिलीचा वर्ग तिनं सांभाळला. जागा एकच, आणि मी चार वर्षं ती तिच्यासाठीच मनात धरून होते. खात्या गुणी आहे, पण दोन महिने हिवतापानं घरी होता, भागाकार त्याला येतच नव्हता. तुझ्या पेटीला बुद्धी आली असेल, तर तिला एकदा नीट विचार.

इकडची काळजी नको. पोटाला वेळेवर खात जा.

तुझी,
जसोदा

*

बडोदे, ता. १८ मार्च १९६५

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझी माया मला कळते. पण पेटी करण्यामागे हाच तर हेतू आहे. मास्तरांची आवड-नावड, कोणाचा बाप कोण, हे तिला ठाऊक नसतं. मोती सोप्यात सोप्या तीन कार्डांवर चुकली, तेही पुन्हा पुन्हा. फितीवर भोकं स्पष्ट आहेत. तू चार वर्षं शिकवलंस म्हणून तुला ती हुशार वाटते. आपलं ते सोनं असतंच.

जरा कठोर लिहिलं. राग धरू नये, धाकटाच आहे.

तुझा,
शांतीलाल

*

म्हसावद, ता. २९ मार्च १९६५

चि. शांतीलालास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

राग आला होता, म्हणून चार दिवस लिहिलं नाही. मग मोतीलाच जवळ घेऊन विचारलं. खाली बघत ती म्हणाली, खात्याले येस नई, मंग मी पुढे कशी जाऊ.

यात दोष माझाच आहे. माझ्या वर्गात दोघादोघांची जोडी असते. कोणी मोह वेचायला जातं, कोणी गुरांमागे, एक ना एक मूल मागे पडतंच. म्हणून मी रीत लावली की ज्याचं गणित आधी होईल त्यानं पाटी पालथी घालून बसायचं. जोडीदाराची पाटी पालथी झाल्याशिवाय पुढचं गणित नाही. मोतीची जोडी खात्याशी. तिच्यानंतर त्याचा नंबर होता आणि तो शेजारीच बसून बघत होता. त्याला भागाकार समजेना, तेव्हा ती मुद्दाम चुकली, म्हणजे पेटी सोप्या कार्डावर परत येईल आणि त्याला ते पुन्हा बघता येईल. त्याची मान हलेपर्यंत तिनं तसंच केलं. ही रीत तुला सांगायची मला आठवणही झाली नाही, इतकी ती अंगवळणी पडली आहे.

मोतीला यामुळे जागा जाते हे ठाऊक नव्हतं. आता कळलं आहे. रडली नाही, आणि तेच मला सोसत नाही.

तुझी,
जसोदा

*

बडोदे, ता. १२ एप्रिल १९६५

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

मी आणि अन्वरने दोन्ही फिती शेजारी अंथरल्या. अवघड कार्डं मोतीने पहिल्याच बोटाला सोडवली आहेत. चुका फक्त भागाकाराच्या तीन सोप्या कार्डांवर, आणि खात्याच्या फितीत तीच तीन सफाईने सुटलेली. अन्वरने त्या भोकांवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, थांबणं मोजायला आपण भोक पाडणारा खिळाच बसवला नाही. मी तुला जे लिहिलं त्याची मला लाज वाटते.

सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, जे दिसलं ते लिहा. प्रबंध वर्षभर पुढे गेला. सुटी मिळताच कार्यालयात स्वतः जाऊन आलो. साहेबांनी ऐकून घेतलं, पण यादी वर गेली आहे. जमलं तर पुढच्या जूनमध्ये पाहू म्हणाले.

मोतीला सांग, चूक पेटीची होती, तिची नव्हती. आक्का, माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
शांतीलाल

*

म्हसावद, ता. ५ जुलै १९६५

चि. शांतीलालास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, पण माया कशी पातळ होईल? चूक कबूल करायला आपल्या पायांनी गेलास, हे आईनं दहा जणांना सांगितलं.

खात्या गेल्या महिन्यात आश्रमशाळेत गेला. त्याची आई फाट्यापर्यंत गेली होती, मोतीही. मोती आता बाप भटूबरोबर कापसाच्या निंदणीला जाते. भटू म्हणतो, पुढचा जून कुणी पाहिला. तिला आश्रमशाळेत पाठवशील ना, असं विचारत मी दर रविवारी त्याच्या दारात जाऊन बसते. नाही म्हणायला त्याला अजून जमलेलं नाही.

काल आश्रमशाळेच्या गुरुजींचं पत्र आलं. माणूस भला दिसतो. लिहितात, मुलगा शांत आहे, जेवतो, पहिलं गणित सगळ्यांच्या आधी करतो. मग पाटी पालथी घालतो आणि दाराकडे बघत बसतो. कितीही सांगितलं तरी दुसरं गणित घेत नाही. याला कमी ऐकू येतं का, असं त्यांनी विचारलं आहे.

मी उत्तर लिहिलेलं नाही. ते तू लिही. तो कोणासाठी थांबला आहे, हे गुरुजींना तूच सांग.

तुझी,
जसोदा