शेवटचा इम्पोर्ट जिंकतो

३ मार्च, सोमवार
ठरलं. आमच्या प्रोग्रामिंग भाषेचा कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम तपासून मशीनला कळेल असा करून देणारा, भित्रा आहे, त्याला धीट करायचा. एकाच नावाची दोन फंक्शन्स दिसली की हातपाय गाळतो आणि विचारतो, यातलं कोणतं? उदाहरणार्थ, चेक. टाइप मॉड्यूलमधलं चेक प्रोग्राममधल्या चुका पकडतं. फाइल मॉड्यूलमधलं चेक फक्त फाइल रिकामी नाही ना, एवढंच बघतं. कोणतं हवं, हे शेंबड्या पोरालाही कळेल. शुक्रवारी साहेबांपुढे डेमो. त्यावर टीम लीड ठरणार. म्हणजे मीच.

४ मार्च
नियम लिहिला. जे मॉड्यूल शेवटी इम्पोर्ट केलंय, म्हणजे फाइलच्या वरच्या यादीत शेवटी मागवलंय, त्यातलं फंक्शन उचलायचं. विचारत बसायचं नाही. चार ओळींत काम फत्ते. टेस्टिंगवाली म्हणाली, चुकीचं उचललं तर कळणार कसं? तिला सगळीकडे खोटच दिसते.

५ मार्च
बायकोला नियम समजावला. ती म्हणाली, हा तर तुझाच स्वभाव, चार वस्तू सांगितल्या की शेवटची तेवढी आणतोस. बरं वाटलं. घरात कुणीतरी कदर करतं.
संकल्प: उद्यापासून नीटनेटकेपणा. टीम लीडला शोभतो.

६ मार्च
आमचा कंपायलर आमच्याच भाषेत लिहिलेला आहे. त्याच्या सगळ्या फायलींतले इम्पोर्ट मुळाक्षरांप्रमाणे लावले. आधी टाइप, मग फाइल. डोळ्यांचं पारणं फिटलं. मग त्याच्याकडूनच त्याला नव्याने कंपाइल करून घेतलं. एकही एरर नाही. नव्या कंपायलरने तर माझी अर्धवट लिहिलेली फाइलसुद्धा पास केली. याला म्हणतात आत्मविश्वास. टेस्टिंगवाली क्रमाबद्दल काहीतरी सांगायला आली होती. मी हेडफोन लावले.

७ मार्च, सकाळी ९
नवा शर्ट. आभाराचं भाषण खिशात.

दुपारी
साहेबांनी प्रोग्राम टाइप केला. एरर नाही. मुद्दाम चूक घातली. एरर नाही. मग स्वतःच्या जेवणाची ऑर्डर टाइप केली. तीही बिनचूक निघाली. साहेब हसले, म्हणून मीही हसलो. मग ते थांबले. कंपायलर फाइल मॉड्यूलमधलं, म्हणजे शेवटी इम्पोर्ट झालेलं चेक वापरत होता. टेस्टिंगवालीने लगेच दाखवून दिलं. भाषण अजून खिशात आहे. शर्ट मात्र सगळ्यांना आवडला असावा.

१० मार्च, सोमवार
टीम लीड: टेस्टिंगवाली. आल्या आल्या माझा नियम काढून टाकला. पण माझ्यावर मोठीच जबाबदारी आली आहे. 'यातलं कोणतं?' हे कंपायलरने विचारताना कुठल्या शब्दांत विचारावं, ते मी लिहायचं. थेट ग्राहकांशी संबंध येतो. तिने चार सूचना दिल्या. शेवटची पक्की लक्षात आहे. उरलेल्या तीन उद्या विचाराव्या लागतील.